स्वीडनच्या बाईची जबानी

माझा स्वभाव संशयी आहे, असं घरात सगळेच म्हणतात. मी कधी नाकारलं नाही. ज्याची ऐन उमेदीची वर्षं निजाम सरकारच्या मुन्सफ कोर्टात मुतर्जिम म्हणून गेली, तो माणूस भाबडा राहील कसा? मुतर्जिम म्हणजे भाषांतर करणारा. कोर्टाची भाषा उर्दू, मुन्सफसाहेब हैदराबादेकडचे आणि साक्ष द्यायला येणारे सगळे आमच्या बालाघाटाच्या डोंगरातले. त्यांचं मराठी उर्दूत उतरवायचं, हे माझं काम. अंबाजोगाईला तेव्हा सरकारी कागदावर मोमिनाबाद म्हणत. म्हणजे आमच्या गावाचंच नाव आम्ही घरी एक बोलायचो आणि कचेरीत दुसरं लिहायचो.

या कामाची एक रीत होती. जबानी उर्दूत लिहून झाली की ती साक्षीदाराला पुन्हा मराठीत ऐकवायची. तो ‘बराबर हाय’ म्हणाला की खाली लिहायचं, ‘पढ़ कर सुनाया गया, सुनकर दुरुस्त तस्लीम किया,’ आणि त्याचा अंगठा घ्यायचा. ही रीत माझ्या हाडीमाशी इतकी खिळली होती की बाजारातून कुणी निरोप आणला तरी मी त्याच्याकडून तो दोनदा वदवून घ्यायचो. माझी बायको यावरून मला खूप हसायची.

त्या काळात छावणीतला एक गोरा अधिकारी कायमचा विलायतेला निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा हर्राज, म्हणजे लिलाव, झाला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, आरसे घेतले, एकानं तर अंघोळीचा टब म्हशीच्या आंबोणासाठी नेला. मी पुस्तकांचा एक गठ्ठा उचलला. औरंगाबादेला शिकताना इंग्रजी चांगलं झालं होतं आणि गावात ते वापरायला कुठं जागाच नव्हती. त्या गठ्ठ्यात एक कादंबरी निघाली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की मूळ पुस्तक स्वीडिश भाषेतलं असून अमक्यानं त्याचं इंग्रजी केलं आहे. पुस्तक जुनंपानं नव्हतं, त्या देशात अलीकडेच लिहिलं गेलेलं होतं. स्वीडन आम्हाला माहीत होतं ते काडेपेटीवर छापलेलं नाव म्हणून. चूल पेटवायच्या काड्या जिथून येतात तिथली माणसं कादंबऱ्याही लिहितात, हे मला नवीनच होतं.

आमच्याच कामाचा हा कुणी इंग्रज भाऊबंद, म्हणून मी वाचायला घेतलं आणि मग मराठीत उतरवायला बसलो. कुणी सांगितलं नव्हतं. कोर्टात भांडणतंट्यांचं भाषांतर करून जीव विटला होता, एवढंच कारण.

रोज जेवढं व्हायचं तेवढं मी संध्याकाळी ओसरीवर आक्काला वाचून दाखवायचो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मूळ लेखक सातासमुद्रापार. त्याला वाचून दाखवून त्याचा अंगठा घ्यायची सोय नव्हती. मग निदान कुणीतरी ऐकून ‘बराबर हाय’ म्हणावं, म्हणून मी तिला बसवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिचे कान मोठे तिखट होते. सुरुवातीलाच तिनं मला अडवलं. गोष्टीत हिवाळा येतो, जिकडेतिकडे बर्फ पडतो आणि लोक घसरत्या गाडीतून ये-जा करतात, असं होतं.

“त्या गाडीला चाकं किती?” आक्कानं विचारलं.

“चाकं नसतात. बर्फावरून घसरत जाते ती.”

“बिनचाकाची गाडी? तुला तरी पटतंय का? त्या सायबानं लिव्हताना चाकं इसरली असतील.”

माझ्याही मनात शंका आली, खोटं कशाला बोलू? इंग्रजी शब्दकोशात तसं सापडलं म्हणून मी ते ठेवलं. आक्कानं त्या गाडीला शेवटपर्यंत ‘बराबर हाय’ म्हटलं नाही.

पण बाकीची गोष्ट तिनं जिवाचा कान करून ऐकली, आणि त्याला कारण होतं. गोष्टीतल्या बाईचा नवरा ऐन तारुण्यात जातो. दीर तिची तान्ही मुलगी ठेवून घेतो आणि तिला घराबाहेर काढतो. एका मोठ्या तळ्याच्या अलीकडच्या काठाला ती लोकांची धुणी धुते, मासे खारवते, नावेला डांबर फासते. पलीकडच्या काठाला दिराचं घर. सकाळी उठून ती त्या घराचा धूर बघते आणि कामाला लागते. धूर दिसला म्हणजे मुलीच्या पोटात काहीतरी पडणार, असा तिचा हिशेब.

आक्काचं असंच झालं होतं. चकलांब्याला तिला दिलं होतं. नवरा गेला, पोरगी मांडीवरची. सासरच्यांनी पोरगी ठेवून घेतली आणि हिला आमच्याकडे आणून सोडलं. जावेनं पोरीला आपली म्हणून वाढवलं. पुढं तिला नेकनूरला दिल्याचं आम्हाला एका कासाराकडून कळलं. पोरीला तिची आई मेली म्हणून सांगितलंय, हेही त्यानंच सांगितलं. आक्कानं मधूनमधून नेकनूरचं नाव काढलं की मी म्हणायचो, “तिचा संसार चांगला चाललाय, उगीच त्यात खडा कशाला टाकायचा?” मी हे तिच्या भल्यासाठीच म्हणत होतो. आजही मला तो सल्ला अगदीच चुकीचा वाटत नाही. ती गप्प बसायची, आणि तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावायचो.

मधे एकदा पोलीस जमादार येऊन गेला. त्या दिवसांत चार माणसं एका जागी बसून काही वाचू लागली की सरकारचे कान टवकारायचे. “क्या पढ़ते जी तुम रोज?” तो म्हणाला. स्वीडन म्हटल्यावर त्यानं तिथं राजा आहे का, त्याची आपल्या हुजूरसरकारशी दोस्ती आहे की नाही, सगळं विचारून घेतलं. मी त्याला उर्दूत गोष्ट सांगितली. त्या बाईचं ऐकून तो जरा नरमला, पण जाताना म्हणाला, “एक औरत का इत्ता लंबा किस्सा? कुछ और मतलब होयेंगा.” त्याच्यावर हसायला मला तोंड नव्हतं, कारण त्याच्या जागी मी असतो तर मीही असाच संशय घेतला असता.

शेवटचं प्रकरण आलं. कितीतरी वर्षांनी एका हिवाळ्यात तळं काठोकाठ गोठतं, वाट मोकळी होते आणि ती बाई बर्फावरून चालत पलीकडे जाते. इथवर ठीक होतं. पुढं इंग्रजीत असं होतं की दीर दारात येतो, तिचं मन करुणेनं भरून येतं, ती त्याला क्षमा करते, आकाशातून शांती उतरते आणि ती समाधानानं परत फिरते. संपलं पुस्तक.

मी वाचून थांबलो.

“बराबर हाय का?” मी विचारलं.

“पोरगी कुठं हाय?”

“पुस्तकात नाही.”

“पोरीसाठी गेली ना ती? मग पोरगी कावून न्हाई?” तिचा आवाज चढला. “हे तुजं काम हाय. तुला वाटलं, आक्काला आवडंल, आक्का गप बसंल. तूच बदललंय.”

मी शपथा घातल्या. इंग्रजी पुस्तक तिच्यापुढं उघडून धरलं, जसं काही तिला ते वाचता येणार होतं. ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओसरीवर बसलो तर ती आलीच नाही. ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती वेळेवर भाकरी वाढायची, हवं नको विचारायची, पण मी काही सांगू लागलो की माझ्याकडे अशी बघायची, जसा मी कोर्टात साक्षीदारांकडे बघायचो. सख्ख्या बहिणीनं आपल्याला खोटा म्हणावं, हे मला फार लागलं. घरात माझ्या शब्दाला काही किंमत होती ती तिच्यामुळं.

आणि खरं सांगायचं तर संशय मलाही येत होता, फक्त तो माझ्यावर नव्हता. त्या शेवटच्या प्रकरणाचा वास मला ओळखीचा वाटत होता. खरा साक्षीदार बोलतो तेव्हा मधेच म्हशीचं सांगतो, पायात मोडलेला काटा सांगतो, नको त्या गोष्टी सांगतो. वकिलानं पढवून आणलेला साक्षीदार गुळगुळीत बोलतो. आख्ख्या पुस्तकात डांबर होतं, खारे मासे होते, फुटलेल्या टाचा होत्या. शेवटच्या प्रकरणात यातलं काही नव्हतं, नुसतं आकाश होतं. माझ्या इंग्रज भाऊबंदानं मुळातलं काहीतरी खाल्लं होतं. पण हे सिद्ध कसं करायचं? मूळ भाषा जाणणारा माणूस बीड जिल्ह्यात कुठून आणायचा?

माणूस आपल्या पायानं चालत आला. काडेपेटीच्या काड्यांना सावरीचं लाकूड लागतं, आणि आमच्या डोंगरात सावर आहे का, हे बघायला एक गोरा फिरत होता. जंगल खात्याला द्यायच्या अर्जाचं उर्दू करून घ्यायला त्याला कुणीतरी कचेरीत माझ्याकडे पाठवलं. उंच, लालबुंद, घामोळ्यांनी हैराण झालेला माणूस. त्याचं इंग्रजी अडखळत चाले. कोणत्या देशाचे, असं मी विचारलं तर म्हणाला, स्वीडन. माझ्या हातातली लेखणी तिथंच थांबली.

शेवटाची शंका आल्यापासून ते पुस्तक मी पिशवीत घेऊनच फिरत होतो, ते काढून मी त्याला दाखवलं. नाव वाचून तो म्हणाला, असं पुस्तक आमच्याकडे नाही. मी हिरमुसलो. मग मी गोष्ट सांगायला लागलो. तळं, धूर आणि नावेला डांबर फासणारी बाई ऐकल्यावर त्यानं चहाची बशी खाली ठेवली आणि तो खुर्चीत पुढं सरकला. पुस्तक तेच होतं. माझ्या भाऊबंदानं नावसुद्धा बदललं होतं.

तरी मी सावध होतो. त्याला माझ्याकडून अर्ज करून घ्यायचा होता. अशा वेळी माणूस कशालाही मान डोलावतो. म्हणून कोर्टात वकील करतात तसं मी मुद्दाम चुकीचं विचारलं. “शेवटी तिचा भाऊ होडी घेऊन तिला न्यायला येतो, नाही का?”

“भाऊ? तिला भाऊच नाही,” तो म्हणाला. “आणि तेव्हा तळं गोठलेलं असतं, होडी कुठून येणार?”

मग त्यानं मला खरा शेवट सांगितला. त्याच्या आईनं ते पुस्तक घरात सगळ्यांना वाचून दाखवलं होतं आणि शेवटावरून तिचं आणि मावशीचं भांडण झालं होतं. इंग्रजीत ते का बदललं असेल, असं मी विचारलं तर तो म्हणाला, “विकत घेणाऱ्याला रडत झोपायचं नसतं.” तेही त्याला नक्की माहीत नव्हतं. मला आनंद झाला, पण दुसऱ्याच क्षणी वेगळा प्रश्न पडला. हे मी घरी जाऊन सांगितलं तर आक्का विश्वास ठेवील? एकदा बदललं म्हणून रागावली, आता पुन्हा बदललं म्हणून तोंडसुद्धा बघणार नाही. ऐकीव गोष्ट कोर्टातही चालत नाही. साक्षीदार समक्ष हजर करावा लागतो.

मी त्याला घरी घेऊन गेलो.

आक्का डोक्यावरचा पदर सावरत दाराआड उभी राहिली. गोऱ्याला ओसरीवर पाट दिला, त्यावर तो गुडघे उंच करून कसाबसा बसला. मी काही सांगायच्या आधीच आतून प्रश्न आला.

“त्याला इचार, त्यांच्या गाडीला चाकं असत्यात का?”

मी विचारलं. तो हसला. उन्हाळ्यात असतात, म्हणाला, आणि हिवाळ्यात चाकांची गाडी आत ठेवून दुसरी काढतात, तिला चाकं नसतात. जमिनीवर बोटानं त्यानं तिचं चित्र काढून दाखवलं. आक्का दाराआडून पुढं आली आणि वाकून त्या रेघोट्या बघत राहिली.

“आता शेवट सांगू का?” मी म्हणालो.

“तू नगं. त्याला सांगू दे.”

“अगं, तो इंग्रजीत सांगेल, तुला काय कळणार?”

“इंग्रजीत बी नगं. त्याच्या आईनं ज्या बोलीत सांगितलं त्या बोलीत सांगू दे. तुजं नंतर.”

गोऱ्याला मी हे समजावलं. त्याला क्षणभर विचित्र वाटलं असावं. मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आपल्या भाषेत सांगायला सुरुवात केली. ओसरीवर आम्हा दोघांनाही त्यातलं अक्षर कळत नव्हतं. आक्का त्याच्यासमोर बसली होती आणि एकटक त्याच्या तोंडाकडे बघत होती. सुरुवातीला तो भरभर बोलला. मग हळू झाला. एका ठिकाणी तो थांबला, त्यानं दाराबाहेरच्या लिंबाकडे पाहिलं आणि थोड्या वेळानं उरलेलं सांगून टाकलं.

“तो थांबला तितं काय हाय?” आक्कानं मला विचारलं. “आता तू सांग. तितलं नीट सांग.”

ऐकून तिचं काय होईल, अशी मला भीती वाटली. पण मी जसं होतं तसं सांगितलं. बाई बर्फावरून पलीकडे जाते. दार वाजवते. दार एक तरणी मुलगी उघडते. ती हिला ओळखत नाही. बाई पाणी मागते. मुलगी बादलीवरचा बर्फ फोडून भांडं भरून देते. बाई पाणी पिते, भांडं परत देते आणि आल्या वाटेनं निघून जाते. आतून चुलती विचारते, कोण होतं गं? मुलगी म्हणते, कुणी नाही, वाटसरू होती. तिथंच पुस्तक संपतं. तो थांबला होता ते मुलीच्या या बोलण्यापाशी.

आक्काचे डोळे भरले होते, पण ते तिनं पुसले नाहीत. मग म्हणाली, “बराबर हाय.” आणि उठून गोऱ्यासाठी गूळपाणी आणायला आत गेली. माझ्यावरचं एक मोठं ओझं उतरलं. तिनं मला माफ केलं, असं मी म्हणणार नाही, कारण मी काही केलंच नव्हतं. पण त्या संध्याकाळी ती पुन्हा ओसरीवर येऊन बसली.

पुढं काही दिवसांनी तिनं सांगितलं, “गाडी सांग. नेकनूरला जायचंय.” मी एकदाच म्हणून पाहिलं, “आक्का, तिच्या संसारात...” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी गाडी सांगितली.

केजला मुक्काम करून आम्ही निघालो. वाटभर माझ्या मनात एकच भीती घर करून बसली. ही त्या बाईसारखंच करणार. पाणी पिऊन परत फिरणार, आणि मग जन्मभर त्या पाण्यावर जगणार. माझ्याच हातानं मी तिला ही गोष्ट दिली होती. मनात आलं, त्या इंग्रजाचा शेवटच काय वाईट होता?

नेकनूरला पोहोचलो तेव्हा गावात बाजार भरला होता. घरातली माणसं तिकडं गेलेली. हा दिवस आक्कानं चौकशी करून मुद्दाम निवडला होता की काय, असा मला संशय आला. मी विचारलं असतं तरी ती कबूल झाली नसती. माळवदाचं नीटनेटकं घर, दारात तुळस, अंगणात वाळत घातलेली मिरची. पिठाच्या हातानं एक तरणी बाई बाहेर आली. नाक अगदी आक्काचं.

“कुनाकडं आलाव?” तिनं विचारलं.

“लांबून आलोय, माय,” आक्का म्हणाली. “पानी दे थोडं.”

मी डोळे मिटून घेतले. झालं, म्हटलं, तेच झालं. पोरीनं तांब्याभर पाणी आणलं. आक्का उंबऱ्याशी टेकली आणि सावकाश, घोटघोट घेत सगळं पाणी प्याली. मी पायात वहाणा सरकवल्या. आक्कानं तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि पोरीकडे बघून म्हणाली, “मी तुजी आई हाय.”

पोरीचा चेहरा उतरला. ती दोन पावलं मागं सरली. “माजी आई मेली,” ती म्हणाली. “मी मांडीवर हुते तवाच. तुमी कोन? आन कशावरून?”

तिचा संशय अगदी रास्त होता. मी तिच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं. मी पुढं झालो. चकलांब्याची नावं, जावेचं माहेर, कासाराचा निरोप, माझी कोर्टातली नोकरी, सगळे पुरावे एका दमात सांगायला मी तोंड उघडलं. आक्कानं हात वर केला.

“तू गप बस,” ती म्हणाली. “भाईर जाऊन थांब. हिला माझ्या तोंडून ऐकू दे.”

मी बाहेर आलो. गाडीवान जू धरून उभा होता. परत निघायचं का, असं त्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं. मी चाकाला टेकून बसलो. आतून आधी आक्काचाच आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग पोरीनं काहीतरी विचारलं. मग पुन्हा आक्का. मग कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि माझ्या मनात नाही नाही ते आलं.

शेवटी पोरगी दारात आली. डोळे सुजलेले, गालावर पीठ लागलेलं. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. गाडीवानाला म्हणाली, “बैलं सोडा. कडबा मागं हाय. आई आज जात न्हाई.”

गाडीवानाला खरं वाटेना. त्यानं जू तसंच धरून माझ्याकडे पाहिलं.

“बराबर हाय,” मी म्हणालो.